तोंड वारंवार का येतं? एचआयव्ही आणि तोंडातले सूक्ष्मजीव

नाशिक जिल्ह्यातल्या विंचूरच्या तीनपाटीवर एखाद्या मेडिकलच्या काउंटरपाशी थोडा वेळ उभं राहिलं, की ‘तोंड आलंय, काहीतरी द्या’ हे वाक्य कानावर पडतंच. मागणारा कधी कांद्याच्या खळ्यावरचा हमाल असतो, कधी लांब पल्ल्याचा ट्रकड्रायव्हर, कधी द्राक्षाच्या हंगामात बागेवर आलेली बाई. दुकानदार बी-कॉम्प्लेक्सची पट्टी देतो, एखादं मलम देतो. बहुतेकांचं तोंड आठ-दहा दिवसांत बरं होतं. जागरण, तिखट, पोटाची तक्रार, दाताखाली आलेला गाल अशी कारणं त्यामागे असतात. ती सरली की व्रण भरतो.

एखाद्याचं मात्र बरं होत नाही. जिभेवर आणि टाळूला पांढरा थर धरतो, कापसाने पुसला तर खाली लाल, हुळहुळी कातडी दिसते. चव जाते. भाकरीचा घास कालवणात बुडवून मऊ केला तरी घशाशी अडतो. पट्टी संपते, दुसरी येते, थर तिथेच असतो.

हा थर कॅन्डिडा नावाच्या बुरशीचा. आणि खरं कोडं इथेच आहे. ही बुरशी बाहेरून लागण होऊन आलेली असते असं नाही. धडधाकट माणसं तपासली तर दर तिघांमागे एकाच्या, काही पाहण्यांत तर निम्म्याहून अधिक लोकांच्या तोंडात ती आयुष्यभर गुपचूप राहत असते. मग एकाच्या तोंडात ती चाळीस वर्षं गप्प बसते आणि दुसऱ्याच्या तोंडात पंधरा दिवसांत जीभ झाकून टाकते, हे कसं?

उत्तराकडे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तोंडात पांढरा थर म्हणजे एचआयव्ही, असा अर्थ कुणीही काढू नये. तान्ह्या बाळांना तो येतो. कवळी रात्रीही न काढणाऱ्या आजोबांना येतो. मधुमेह आटोक्यात नसला, दम्याचा पंप मारल्यावर चूळ भरली नाही, अँटिबायोटिक बरेच दिवस घेतलं, तरीही येतो. पण तरुण, एरवी धट्ट्याकट्ट्या माणसाला यातलं कोणतंच कारण नसताना तो पुन्हा पुन्हा आला, तर रक्ततपासणीची वेळ झाली आहे, एवढं समजावं.

दातावरचा पांढुरका लेप

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी अँटोनी व्हान लेव्हेनहूक याने १६८३ साली आपल्या दातांवरचा पांढुरका लेप खरवडला, पाण्यात कालवला आणि स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरला. त्याला त्यात वळवळणारे इवलेसे जीव दिसले. त्याने ते लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं. माणसाच्या अंगावरच्या जिवाणूंचं हे सुरुवातीचं वर्णन तोंडातलं आहे.

आज तोंडातल्या जिवाणूंच्या सातशेहून अधिक जाती माहीत आहेत. एका माणसाच्या तोंडात त्यातल्या शंभर-दोनशे सापडतात. त्यांच्या जोडीला बुरशी असते, विषाणू असतात. या सगळ्यांना मिळून ‘तोंडातला सूक्ष्मजीव-समूह’ म्हणतात. लाळेच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा कोटी जिवाणू असतात आणि आपण दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ गिळतो.

हे जीव सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. गालाच्या आतल्या बाजूला एक मंडळी, जिभेच्या खडबडीत पाठीवर दुसरी, दात आणि हिरडीच्या फटीत तिसरीच. सकाळी दात घासले की काही मिनिटांत दातावर लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा बसतो. त्याला काही तासांत स्ट्रेप्टोकोकस गटातले गोल जिवाणू चिकटतात. ते साखर खाऊन लॅक्टिक आम्ल सोडतात. मग व्हेलोनेला नावाचे जिवाणू येतात, त्यांना तेच आम्ल अन्न म्हणून लागतं. नंतर लांबट फ्युसोबॅक्टेरियम येतो. तो आधीच्यांनाही चिकटतो आणि नंतर येणाऱ्यांनाही धरून ठेवतो. तीन-चार दिवस ब्रश पोचला नाही, तर लेप जाड होतो, खालच्या थरापर्यंत हवा जात नाही आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू फटीत वस्ती करतात. हिरडीला त्रास देणारे मुख्यतः हेच. हा लेप लाळेतल्या कॅल्शियमने कडक झाला की दातांवर पिवळट खडे दिसतात, ते ब्रशने निघत नाहीत.

तोंडातले बहुतेक जीव मात्र आपल्या कामाचेच आहेत. ते जागा अडवून बसतात, त्यामुळे उपऱ्यांना पाय ठेवायला जागा मिळत नाही. जिभेच्या मागच्या भागातले काही जिवाणू पालक, मेथी, बीट यांतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि शरीर त्यापासून रक्तवाहिन्या सैल ठेवणारा वायू बनवतं. २०१३ साली लंडनमध्ये एकोणीस निरोगी माणसांना आठवडाभर क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या करायला लावल्या, तेव्हा हे जिवाणू मेले आणि त्यांचा रक्तदाब सरासरी दोन ते साडेतीन अंकांनी चढला. औषधी गुळण्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय रोज करू नयेत, याचं हे एक कारण.

चाळीतला कांदा

मग तीच बुरशी एकाच्या तोंडात गप्प का बसते आणि दुसऱ्याच्या तोंडात का उसळते? निफाड-येवल्याच्या पट्ट्यात हे समजायला कांदाचाळीइतकं चांगलं ठिकाण नाही. उन्हाळ कांदा चाळीत पडतो, तेव्हाच त्याच्या पापुद्र्यांत काजळी या बुरशीचे बीजाणू असतात. ते मातीतून आलेले असतात आणि कितीही झटकले तरी जात नाहीत. तरीही चाळ पाच महिने टिकते. का टिकते, हे इथल्या शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. पात नीट सुकवलेली असते, मान बंद झालेली असते, चाळ जमिनीपासून उचललेली असते, दोन्ही बाजूंनी वारं खेळत असतं आणि घरातलं कुणीतरी अधूनमधून फिरून सडका कांदा वेचून बाहेर टाकत असतं. काजळी चाळीत असतेच, फक्त तिला वाढायला सवड मिळत नाही. वारं बंद झालं, ओल धरली किंवा वेचणारे हात थांबले, की त्याच चाळीत त्याच बीजाणूंपासून ढीग खाली बसतो.

तोंडात वाऱ्याचं काम लाळ करते. ती सतत वाहते, आम्ल धुऊन नेते आणि तिच्यात जंतूंना आवरणारी प्रथिनं असतात. लायसोझाइम जिवाणूंची भिंत फोडतं, लॅक्टोफेरिन त्यांना लागणारं लोह पळवतं, हिस्टाटिन हे प्रथिन कॅन्डिडाला मारतं, आयजीए नावाची प्रतिपिंडं जंतूंना चिकटून त्यांना कातडीला धरू देत नाहीत. वेचणाऱ्या हातांचं काम पांढऱ्या पेशी करतात. न्यूट्रोफिल नावाच्या पेशी निरोगी हिरडीतूनही रात्रंदिवस दाताच्या फटीत उतरत असतात आणि जास्त झालेले जंतू खातात. कुठे किती पेशी पाठवायच्या, हे ठरवणाऱ्या पेशी वेगळ्या. त्यांना सीडी-फोर म्हणतात, आणि एचआयव्ही नेमका त्यांच्यातच शिरतो.

पहारा कुठे मोडतो

एचआयव्हीच्या रुग्णाला सीडी-फोर हा शब्द नवा नसतो, फाइलवर तो लिहिलेलाच असतो. निरोगी मोठ्या माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये या पेशी साधारण पाचशे ते पंधराशे असतात. उपचार नसले तर विषाणू त्या वर्षानुवर्षं कमी करत नेतो. आकडा दोनशेच्या खाली गेला, की तोंडातली कॅन्डिडा उसळण्याचा धोका फार वाढतो.

पण सगळ्या सीडी-फोर पेशी एकच काम करत नाहीत. त्यांतल्या एका गटाला टीएच-सतरा म्हणतात. तोंड, घसा, आतडं यांच्या ओल्या अस्तराची राखण हा गट करतो. बुरशी वाढू लागली की या पेशी आयएल-सतरा हा रासायनिक निरोप सोडतात. तो पोचला की अस्तराच्या पेशी बुरशीनाशक प्रथिनं तयार करतात आणि रक्तातून न्यूट्रोफिल बोलावून घेतात. हा निरोप किती मोलाचा आहे, हे एका दुर्मीळ जन्मजात दोषावरून कळलं. ज्या मुलांच्या शरीरात आयएल-सतराचं काम चालत नाही, त्यांच्या तोंडात लहानपणापासून कॅन्डिडा ठाण मांडते. एचआयव्हीत टीएच-सतरा पेशी लवकर आणि मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. म्हणजे निरोप देणाराच जातो.

निरोप थांबला की कॅन्डिडा रूप बदलते. एरवी ती गोल, सुट्या पेशींच्या रूपात असते. पहारा ढिला पडला की तिला लांब तंतू फुटतात आणि ते अस्तरात घुसतात. २०१६ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की हे तंतू कॅन्डिडालायसिन नावाचं विष सोडून अस्तराच्या पेशींना भोकं पाडतात. घास गिळताना जी आग होते, तिच्यामागे हे आहे.

बुरशीचे शेजारीही बदलतात. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये महमूद घनूम यांच्या गटाने एचआयव्ही असलेल्या बारा आणि नसलेल्या बारा माणसांच्या तोंडातल्या बुरशी तपासल्या. हे काम २०१४ साली प्रसिद्ध झालं. त्यांना आढळलं, की पिचिया नावाची दुसरी एक बुरशी जिथे जास्त, तिथे कॅन्डिडा कमी. पिचिया वाढवलेलं पाणी नुसतं कॅन्डिडावर घातलं तरी तिची वाढ खुंटली. चोवीस माणसांच्या अभ्यासावरून औषध निघत नाही, हे खरं. पण रोग ‘एका जंतूचा’ नसून शेजाऱ्यांच्या बिघडलेल्या प्रमाणाचा असू शकतो, हे त्यावरून स्वच्छ दिसतं. जिवाणूंच्या बाबतीत असे अभ्यास बरेच झाले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. मला त्याचं नवल वाटत नाही. तंबाखू, आहार, दातांची निगा आणि औषधं या चार गोष्टींनी तोंडातली वस्ती इतकी बदलते, की एकट्या एचआयव्हीचा वाटा वेगळा काढणं अवघड जातं. अमेरिकेतल्या तोंडांवरचा निष्कर्ष बाजरीची भाकरी खाणाऱ्या आणि मिश्री लावणाऱ्या बाईला जसाच्या तसा लावू नये, हेही त्यामुळेच.

सर्वांत आधी तोंडाने सांगितलं

एड्सची जगातली पहिली वैद्यकीय नोंद ५ जून १९८१ ची. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक पत्रकात लॉस एंजलिसमधल्या पाच तरुणांची हकिगत छापून आली. पाचही जणांना एरवी न दिसणारा न्यूमोनिया झाला होता. त्याच परिच्छेदात आणखी एक गोष्ट लिहिलेली आहे : पाचही जणांना कॅन्डिडाचा संसर्ग होता. विषाणूचं नाव कुणाला माहीत नव्हतं, तपासणी नव्हती, पण खूण समोर होती.

त्यानंतर दातांच्या डॉक्टरांनी आणखी खुणा ओळखल्या. जिभेच्या कडांवर उभ्या घड्यांचे पांढरे पट्टे येतात आणि ते पुसून निघत नाहीत. हे एपस्टाइन-बार या विषाणूचं काम. हा विषाणू बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात झोपलेला असतो आणि पहारा गेला की जागा होतो. जागतिक आरोग्य संघटना एचआयव्हीच्या आजाराचे चार टप्पे मानते. तोंडाचे कोपरे फुटणं आणि वारंवार व्रण येणं दुसऱ्या टप्प्यात, न हटणारी कॅन्डिडा आणि जिभेच्या कडांवरचे हे पट्टे तिसऱ्यात, आणि कॅन्डिडा अन्ननलिकेत उतरली तर चौथ्यात. म्हणजे टॉर्च आणि चमचा एवढ्या सामग्रीवर आशाताईला किंवा गावच्या डॉक्टरला आजार कुठवर आला असेल याचा अंदाज येऊ शकतो.

> चौकट : तोंडात हे दिसलं तर
>
> पुसून निघणारा पांढरा थर, खाली लाल कातडी : बहुधा कॅन्डिडा. उपचार सोपा आहे. कारण शोधणं महत्त्वाचं.
>
> जिभेच्या कडेचे न पुसले जाणारे पांढरे पट्टे : एचआयव्हीची तपासणी करावी.
>
> गालात तंबाखू ठेवण्याच्या जागी न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा : कर्करोगाच्या आधीची अवस्था असू शकते. लगेच दाखवावं.
>
> तीन आठवडे न भरलेला कोणताही व्रण : दाखवावाच, दुखत नसला तरी.
>
> हिरडी झपाट्याने सडणं, उग्र वास, दाताच्या मधला हिरडीचा शेंडा झडणं : त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.
>
> गिळताना छातीत दुखणं : कॅन्डिडा खाली उतरली असेल. नुसत्या लावण्याच्या औषधाने भागत नाही.

गोळी सुरू झाल्यावर

भारतात सरकारी दवाखान्यांतून एआरटी, म्हणजे एचआयव्हीला रोखणारी औषधं, १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. सुरुवातीच्या आठ केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. तेव्हा सीडी-फोर खाली आल्यावरच औषध सुरू होई. २०१७ पासून तपासणीत एचआयव्ही निघाला की सीडी-फोर कितीही असो, गोळ्या सुरू करायच्या असं धोरण आहे. आज बहुतेकांना तीन औषधं एकत्र असलेली एकच गोळी दिवसातून एकदा घ्यावी लागते. ती नेमाने घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू मोजता येत नाही इतका कमी होतो, आणि तसा तो राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. तोंडातल्या कॅन्डिडाचं प्रमाणही या औषधांनंतर खूप घटलं. ज्यांनी नव्वदीतले रुग्ण पाहिले आहेत, त्यांना हा फरक सांगावा लागत नाही.

तरीही गोळ्या चुकवल्या नाहीत, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) नीट आहे, असं असून ‘हिरड्यांतून रक्त येतं, तोंड कोरडं पडतं’ ही तक्रार राहते. रुग्णाला वाटतं गोळी लागू पडत नाही. तसं नसतं. गोळी विषाणूची वाढ थांबवते, पण झालेली सगळी हानी भरून काढत नाही.

सर्वांत मोठी हानी आतड्यात झालेली असते. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या बहुतेक सीडी-फोर पेशी मरतात. अस्तर विरळ होतं आणि आतड्यातल्या जिवाणूंचे तुकडे रक्तात झिरपू लागतात. अमेरिकेतल्या डॅनियल डूएक यांच्या गटाने २००६ साली हे मोजून दाखवलं. हे तुकडे जिवंत नसतात, पण प्रतिकारशक्तीला ते कळत नाही. ती कायम भडकलेली राहते आणि सततच्या दाहाने स्वतः थकते. गोळ्यांनी हा दाह बराच उतरतो, पण सगळ्यांच्यात पूर्ण शमत नाही. त्याची किंमत हृदयाला मोजावी लागते. एचआयव्ही असलेल्यांत हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट आढळला आहे. भारतासह बारा देशांतल्या ७,७६९ रुग्णांवर झालेल्या रिप्रीव्ह या चाचणीचे निकाल २०२३ मध्ये आले. त्यात कोलेस्टेरॉल उतरवणारी पिटाव्हास्टॅटिन ही गोळी घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके आणि तशा घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या.

आता हिरडीकडे या. सुजलेल्या हिरडीत दाताभोवती खोल फट तयार होते. तिच्या आतलं अस्तर फाटलेलं असतं, ब्रश केला किंवा पेरू चावला तरी जिवाणू रक्तात जातात. अशी फट बऱ्याच दातांना असली, तर उघड्या अस्तराचं क्षेत्र आठ ते वीस चौरस सेंटिमीटर भरतं, असा एक अंदाज आहे. पायावर एवढी जखम असती तर माणूस घरी बसला नसता. तोंडात ती दिसत नाही, फारशी दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षं चालवून घेतली जाते. आतड्यातून जी गळती चालते, तिच्यात ही आणखी भर.

हिरडीच्या आजारातला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हा जिवाणू ब्युटिरिक आम्ल सोडतो. गोळ्यांच्या काळातही एचआयव्ही काही पेशींत निद्रिस्त राहतोच, म्हणून तर गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. जपानमध्ये केनिची इमाई आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रयोगशाळेतल्या पेशींवर हे आम्ल घातलं, तेव्हा असा झोपलेला विषाणू जागा झाला. काचेच्या बशीत घडलं म्हणजे माणसात तेवढंच घडतं असं नव्हे, आणि नेमाने गोळ्या घेणाऱ्याने याने घाबरून जायचं कारण नाही. पण हिरडीचा आजार ‘दातांपुरता’ मानणं चुकीचं आहे, एवढं सांगायला हा प्रयोग पुरे.

ताटाला ताट लावून जेवलं तर?

याच तोंडाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. घरात कुणाला एचआयव्ही निघाला की त्याचा पेला वेगळा होतो, ताट वेगळं होतं, सून असेल तर तिला स्वयंपाकघरातून उठवलं जातं. याला विज्ञानाचा कसलाही आधार नाही. लाळेतून एचआयव्ही पसरत नाही. लाळेत विषाणू मुळात फार थोडा असतो. लाळ रक्तापेक्षा पुष्कळ पातळ, कमी क्षारांची असते, त्यामुळे विषाणू वाहणाऱ्या पांढऱ्या पेशी तिच्यात फुगून फुटतात. तिच्यातली चिकट प्रथिनं विषाणूला गुरफटून टाकतात, आणि एसएलपीआय नावाचं प्रथिन त्याला पेशीत शिरण्यापासून अडवतं. एका पेल्यातलं पाणी, एका ताटातलं जेवण, उष्टा घास, यातल्या कशानेही लागण होत नाही. तोंड पुसून करायची एचआयव्हीची एक चाचणी आहे, तिच्यामुळे काहींचा गोंधळ होतो. ती चाचणी विषाणू शोधत नाही. हिरडीतून झिरपणारी, विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं ती शोधते.

माहेरी पाठवलेली, वेगळ्या पेल्याने पाणी पिणारी बाई गोळ्या चोरून घेते. चोरून घेतलेली गोळी चुकते. गोळी चुकली की विषाणू वाढतो. त्या पेल्याचा खरा परिणाम हा आहे.

रोजच्या हाताशी असलेलं

गोळीनंतर सर्वांत मोठी गोष्ट तंबाखूची. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी रस्त्याकडेला रिकाम्या पुड्या दिसतात. घराघरांत मिश्री आहे. मिश्री भाजलेली तंबाखूच असते. ती दात स्वच्छ करते ही समजूत इतकी जुनी आहे, की पन्नाशीच्या बाईला ती सोडा म्हणताना डॉक्टरच संकोचतात. ती हिरडीचा रक्तपुरवठा आवळते, त्यामुळे हिरडी सुजलेली असूनही रक्त येत नाही आणि आजार झाकलेला राहतो. त्यातच एचआयव्ही असलेल्या माणसाला तोंड आणि घशाच्या कर्करोगाचा धोका मुळातच जास्त असतो. ज्याने गोळ्या सुरू केल्या त्याने मिश्री, तंबाखू, गुटखा सोडायलाच हवा. यात मला दुसरं मत दिसत नाही.

बाकीचं साधं आहे. दिवसातून दोनदा मऊ ब्रशने फ्लोराइडच्या पेस्टने दात घासणं, रात्रीचं कधीही न चुकवणं. जीभ हलक्या हाताने साफ करणं, खरवडून रक्त काढणं नव्हे. तोंड कोरडं पडत असेल तर पाणी घोट घोट पिणं, साखरेचा चहा दिवसभर न पिणं. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवणं. खडे सहा महिन्यांनी काढून घेणं. दातांवरचे खडे काढल्याने दात हलतात, हा समज चुकीचा. दात आधीच हललेले असतात, खड्यांनी ते धरून ठेवल्यासारखे वाटतात.

कॅन्डिडाचा थर आलाच, तर क्लोट्रिमॅझोलसारखं तोंडात लावायचं औषध किंवा फ्लुकोनॅझोलची गोळी डॉक्टर देतात आणि आठवडा-दोन आठवड्यांत तोंड मोकळं होतं. थर गेला म्हणून औषध मध्येच सोडू नये. मेडिकलमधून स्वतः घेऊही नये, कारण फ्लुकोनॅझोल इतर काही औषधांशी भांडतं. आणि गोळ्या चालू असताना थर आला, तर व्हायरल लोड पुन्हा पाहायला हवा, गोळ्या चुकल्या असतील किंवा निकामी ठरत असतील.

दातांच्या डॉक्टरची खुर्ची

विंचूरहून नाशिकच्या सिव्हिलमधल्या एआरटी केंद्रात जायचं म्हणजे पन्नास-पंचावन्न किलोमीटर, येऊन-जाऊन एक रोज बुडतो. तिथे वजन होतं, क्षयाची लक्षणं विचारली जातात, गोळ्यांची मोजणी होते. ‘तोंड उघडा’ असंही त्याच टेबलावर म्हटलं जावं, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. त्याला यंत्र लागत नाही, अर्धं मिनिट लागतं. ज्याच्या हिरडीतून रक्त येतं त्याला त्याच दिवशी, त्याच आवारातल्या दंतविभागात पाठवता येईल. खाजगी दातांच्या डॉक्टरकडे गेल्यावर आजार लपवावा लागतो, कारण सांगितलं तर ‘पुढच्या आठवड्यात या’ असं ऐकावं लागतं आणि तो आठवडा येत नाही. हा अनुभव अनेक रुग्णांचा आहे.

हे बेकायदा आहे. संसदेने २०१७ साली केलेला एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारायला त्याने मनाई केली आहे, आणि रुग्णाच्या संमतीशिवाय त्याचा आजार इतरांना सांगायलाही बंदी आहे. हातमोजे, मास्क आणि नीट निर्जंतुक केलेली हत्यारं ही प्रत्येक रुग्णासाठीच वापरायची असतात. ती वापरणाऱ्या डॉक्टरला कोणत्या रुग्णाला काय आहे याने फरक पडायला नको.

तुमचं किंवा घरातल्या कुणाचं तोंड वारंवार येत असेल, तर पुढची पट्टी घेण्याआधी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, एकदा जा. तपासणी मोफत आहे, नाव गुप्त राहतं. काही विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत फोन आहे, मराठीतही बोलता येतं. आणि गोळ्या आधीपासून चालू असतील, तर पुढच्या तारखेला केंद्रात गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी स्वतःहून तोंड दाखवा.